पुण्यात ताजी लागलेली बिअर नाशिकला घरी सपक का लागते, आणि नोंदी कशा लिहायच्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकला राहता, कामासाठी पुण्याला आणि अधूनमधून बेंगळुरू-गोव्याला जाणं होतं. पुण्यात एका टॅपरूममध्ये, म्हणजे नळावरची ताजी बिअर देणाऱ्या ठिकाणी, घेतलेली आयपीए (इंडिया पेल एल, सुगंधी आणि कडसर बिअर) तुम्हाला संत्र्याच्या सालीसारखी ताजी आणि खणखणीत कडू लागली. त्याच बिअरचे चार कॅन तुम्ही एप्रिलमध्ये गाडीतून घरी आणले, दोन आठवडे स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवले आणि आदल्या रात्री फ्रीजमध्ये टाकले. उघडल्यावर बिअर सपक, गोडसर आणि मागे ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली. मित्र म्हणतात, हे जिभेचे खेळ आहेत. शिवाय वहीतल्या सगळ्या नोंदी ‘मस्त, स्मूद, जरा कडू, ५ पैकी ४’ अशाच दिसतात आणि महिन्याभराने वाचल्यावर कोणती बिअर कशी होती ते आठवत नाही. घरी आणि फिरतीवर चाखायची पद्धत काय असावी, गुण कसे द्यावेत, असं तुम्ही विचारलं आहे.

जिभेचे खेळ नाहीत. तुम्ही वर्णन केलेली चव ही उष्णतेने शिळ्या झालेल्या आयपीएचीच आहे, आणि ती ओळखता आली म्हणजे जीभ ठीक काम करते आहे. गोंधळ वेगळाच आहे. बिअर बनवणाऱ्याने काय केलं आणि नंतर वाटेने, गोदामाने, कपाटाने, ग्लासाने काय केलं, या दोन गोष्टी तुमच्या नोंदीत एकाच आकड्यात मिसळल्या आहेत. म्हणून कुठल्याही नोंदीची पहिली ओळ चवीची नसावी, ती बिअर कोणत्या अवस्थेत तुमच्यापर्यंत आली याची असावी. माझं सगळं उत्तर या एका मुद्द्यावर उभं आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतात. तुम्ही एकटे चाखता की तिघं-चौघं, दुकानदार कॅन फ्रीजमध्ये ठेवतो की टेबलाखालच्या खोक्यात, तुम्हाला आयपीए आवडते की स्टाउट (काळी, भाजक्या चवीची बिअर), यानुसार खालचे आकडे थोडे मागेपुढे होतील. क्रम मात्र सहसा बदलत नाही.

तुमच्या कॅनचं काय झालं ते आधी पाहू. बिअर व्यवसायात ३-३०-३०० असा एक ढोबळ नियम वापरतात. साधारण ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस, या तिन्हीत बिअर जवळपास सारखीच शिळी होते. एप्रिलमध्ये नाशिकला दुपारचा पारा चाळिशीला टेकतो आणि गॅसजवळचं कपाट रात्रीही गारठत नाही. तिथे १४ दिवस म्हणजे नियमातल्या ३ दिवसांच्या कितीतरी पट. गाडीतल्या पाच-सहा तासांनी झालं असेल ते नुकसान त्यामानाने किरकोळ. कॅनमध्ये शिरलेला थोडासा ऑक्सिजन उष्णतेत भराभर काम करतो. आधी हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, ताजा सुगंध जातो, मग कडूपणाची धार बोथट होते, आणि ट्रान्स-२-नोनेनाल नावाचं संयुग जाणवू लागतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास त्याचाच. सुगंध आणि कडूपणा मागे सरले की माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा पुढे येतो. तुमचं ‘सपक, गोडसर’ तिथून आलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘थंड केलेली बिअर बाहेर काढून पुन्हा थंड केली की खराब होते’ असं सर्रास म्हटलं जातं. थंड-गरम होण्याच्या फेऱ्यांनी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते गरम राहिलेल्या एकूण तासांनी. म्हणून दुकानातून थंड घेतलेला कॅन घरी येईपर्यंत कोमट झाला तर घाबरू नका, लगेच फ्रीजमध्ये टाका. आणि आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवल्याने आधीचे १४ दिवस पुसले जात नाहीत.

सगळ्या बिअर सारख्या हळव्या नसतात. आयपीए आणि पेल एल यांचं भांडवल हॉप्सचा सुगंध, म्हणून त्या शक्यतो बनल्यापासून दोन-तीन महिन्यांत आणि सतत थंड ठेवून प्याव्यात. गव्हाच्या बिअरही ताज्याच बऱ्या. दणकट, जास्त अल्कोहोलची स्टाउट मात्र काही महिने सहज तग धरते, कधी कधी सुधारतेही. लेबलवर ‘बेस्ट बिफोर’ सहा महिन्यांचं असलं तरी आयपीएच्या बाबतीत तो आकडा फक्त बिअर पिण्यालायक राहण्याचा आहे, तिच्या ऐन बहराचा नाही. उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक कॅनच्या तळाशी किंवा बाटलीच्या गळ्यावर छापलेला असतो. विकत घेण्याआधी तो बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

प्रकाशाचं वेगळं. कॅनमध्ये तो शिरत नाही. तपकिरी काच बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारच थोडा आणि पारदर्शक जवळजवळ काहीच नाही. उन्हामुळे हॉप्समधल्या कडू आम्लांचं विघटन होऊन गंधकयुक्त, जळक्या रबराकडे झुकणारा उग्र वास तयार होतो, आणि तो काही मिनिटांतही येतो. पारदर्शक बाटलीतल्या काही बिअर मुद्दाम प्रक्रिया केलेला हॉप अर्क वापरतात, त्यांना हा त्रास होत नाही. गच्चीवर उन्हात बसून पिणार असाल तर ग्लास सावलीत ठेवा.

आता मित्रांचं तोंड बंद करणारा आणि तुमची जीभ तयार करणारा एक प्रयोग सांगतो. चाखण्याबद्दल वाचण्यापेक्षा हा एकदा करणं जास्त उपयोगी आहे. एकाच बॅचचे आयपीएचे चार कॅन घ्या. दोन फ्रीजमध्ये उभे ठेवा, दोन माळ्यावर. उन्हाळा असेल तर दहा दिवस पुरे, हिवाळ्यात महिना लागेल, कारण निफाडकडच्या थंडीत माळ्यावरही बिअर बऱ्यापैकी टिकते. प्रयोगाच्या आदल्या दिवशी माळ्यावरचे कॅनही फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तापमान सारखं होईल. नंतर घरातल्या कुणाला तरी तीन सारखे ग्लास द्या. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी ५० मिली, आणि ग्लासाच्या तळाला खूण. तुम्ही खोलीबाहेर थांबा. आत येऊन तिन्ही हुंगा, चाखा आणि वेगळा कोणता ते सांगा. नुसत्या अंदाजाने तीनपैकी एकदा बरोबर येणारच, म्हणून एकदा जमलं त्याला अर्थ नाही. सहा वेळा करा, दर वेळी क्रम बदलून. सहापैकी पाच किंवा सहा वेळा ओळखलंत तर फरक खरा आहे आणि तुम्हाला तो कळतो आहे. तीन-चारच वेळा जमलं तर फरक नसेल किंवा जीभ दमली असेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सहा फेऱ्यांत १८ ग्लास होतात. सगळे गिळायचे तर ९०० मिली बिअर झाली, म्हणून प्रत्येकातून एकच घोट घ्या आणि उरलेलं शेजारच्या भांड्यात ओता. एकटे करत असाल तर दोन दिवसांत तीन-तीन फेऱ्या करा, दुसऱ्या दिवसासाठी दोन्हीकडचे न उघडलेले कॅन आहेतच.

हा प्रयोग एकदा केला की ‘शिळी’ म्हणजे काय हे कायमचं लक्षात राहतं. मग बाहेर कुठेही अशी बिअर आली तर तुम्ही ब्रुअरला दोष न देता थेट ‘उष्णतेने बिघडलेली’ असं लिहू शकाल.

घरच्या चाखण्याकडे वळू. नाशिकला एक सोय आयती आहे. गंगापूर धरणाकडच्या वायनरींमुळे बऱ्याच घरांत वाइनचे ग्लास असतात, आणि बिअर चाखायला तेच उत्तम. खाली रुंद, वर निमुळता, काच पातळ. एक तृतीयांश भरा, म्हणजे १०० ते १२० मिली. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही, फेस दिसत नाही, आणि उघड्या तोंडामुळे वासही लगेच उडतो. फ्रीजरमध्ये गोठवलेला मग अजिबात नको. त्यावरचा बर्फ वितळून बिअर पातळ होते आणि थंडीने जीभ बधिर होते.

ग्लास धुण्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि निम्म्या तक्रारी तिथेच असतात. ज्या घासणीने दुधाची, तुपाची भांडी घासली जातात ती ग्लासाला लावू नका. स्निग्धांश फेस मारतो. वेगळा स्पंज, थोडा साबण, तीनदा भरपूर पाणी, आणि जाळीवर उपडा ठेवून निथळू द्या. फडक्यावर उपडा ठेवला तर फडक्याचा वास आत कोंडतो. ग्लास स्वच्छ आहे की नाही हे पाहायला तो पाण्याने ओला करा. पाण्याचा सलग पडदा सरकला तर स्वच्छ, थेंब थेंब चिकटले तर चिकटपणा आहे. बिअर ओतल्यावर आतल्या कडेला बुडबुडे चिकटून बसले तरी तेच समजा. फेस टिकत नाही म्हणून एखाद्या बिअरचे गुण कापण्याआधी हे तपासा.

तापमानावर थोडं रेंगाळतो, कारण ‘सगळ्या बिअर सारख्याच लागतात’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे सापडतं. घरचा फ्रीज साधारण ४ अंशांवर असतो. लागरला ४ ते ७ अंश चालतात, गव्हाच्या बिअरला ५ ते ८, आयपीएला ७ ते १०, स्टाउटला १० ते १३. थंडीत सुगंध दबतो, गोडवाही कमी जाणवतो. चांगलं झाकलं जातं तसे दोषही झाकले जातात. मिनिटं मोजण्यापेक्षा स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर ग्लासात बुडवा. मे महिन्याच्या दुपारी आणि डिसेंबरच्या संध्याकाळी तीच दहा मिनिटं फार वेगळी असतात. फ्रीजरमध्ये टाकून घाई करू नका. ५ टक्के अल्कोहोलची बिअर शून्याच्या खाली दोन-अडीच अंशांना गोठायला लागते आणि कॅन फुगतो. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून कॅन त्यात वीसेक मिनिटं बुडवा.

फ्रीजमध्ये कॅन आणि बाटल्या उभ्या ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. गव्हाच्या हेफेवायझनमध्ये तो गाळ, म्हणजे यीस्ट, हवाच असतो. दोन तृतीयांश ओतून झालं की उरलेली बाटली हलकेच फिरवा आणि मग ओता. बाकी बहुतेक बिअरमध्ये गाळ तळाशीच राहू द्या. ओतताना ग्लास ४५ अंशांत तिरपा धरून सुरुवात करा, अर्ध्यावर सरळ करा. दोन-तीन सेंटिमीटर फेस यायला हवा, कारण सुगंध वर आणण्याचं काम तोच करतो.

ओतल्यावर पहिल्या पंधरा सेकंदांत हुंगा. काही वास क्षणभरच असतात, विशेषतः लागरमधला हलका गंधकाचा. तीन छोटे हुंगे, मध्ये थोडी उसंत. वाइनसारखा ग्लास गरगर फिरवू नका, वायू निघून जातो. एकदाच हलका फेर द्या आणि तोंडावर तळहात ठेवून मग हुंगा. नाक थकलं असं वाटलं तर स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा, ते ताळ्यावर येतं. मग रंग, पारदर्शकता, फेस पाहा, मागे पांढरा कागद धरून. पहिला घोट मोजू नका, तोंडाला आम्ल आणि वायूची सवय होऊ द्या. दुसरा घोट पंधरा-वीस मिलीचा घ्या, जिभेभर फिरवा, गिळा, तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग या सोडलेल्या श्वासात कळतो. वाइन थुंकून चाखतात, बिअर सहसा गिळून, कारण कडूपणा घशाशी आणि उशिरा कळतो. गिळल्यावर किती सेकंद चव टिकते आणि शेवटी काय उरतं ते लिहा.

आणि हे एकदाच करून थांबू नका. ओतल्याबरोबर, दहा मिनिटांनी आणि ग्लास संपत आल्यावर, अशा तीन नोंदी घ्या. चांगली बिअर कोमट होताना नवं काही सांगते, बेतास बात असलेली फक्त गोड होत जाते.

खाण्याबद्दल. चाखण्याआधी तासभर मिसळ, कांदा, लसूण, पान, तंबाखू, कडक कॉफी नको. मिरचीने जिभेला चटका बसला की कडूपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्त झोंबतात. मिसळीबरोबर बिअर पिण्यात गैर काही नाही, गंमतच आहे, पण ती मेजवानी झाली, चाचणी नव्हे. मध्ये तोंड स्वच्छ करायला गाळलेलं पाणी आणि साधा पाव किंवा कोरडी पोळी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन चवीत मिसळतं. खोलीत उदबत्ती, डासांची कॉइल, अत्तर नको.

वहीत ‘स्मूद’ का येतं? कारण आपण इंग्रजी चाखणीचे शब्द उसने घेतो आणि त्यातला अर्धा माल आपण कधी खाल्लेला नसतो. स्वयंपाकघरात उभे राहा आणि तिथले वास वापरा. माल्टकडून येतात ते कणकेचे, भाजलेल्या पोळीचे, खारीचे, गुळाचे, मनुकांचे, आणि काळ्या बिअरमध्ये कॉफीचे, करपलेल्या भाकरीचे. यीस्टकडून हेफेवायझनमध्ये पिकलेलं केळं आणि लवंग. बाहेरून काही घातलेलं नसतं, यीस्टच ते तयार करतं. बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखर घालतात. हॉप्सकडून लिंबू, संत्रं, कैरी, पेरू, आंबा, गवत, चीडाचा डिंक. न्यूझीलंडचा नेल्सन सॉव्हिन हा हॉप नाशिककरांनी आवर्जून शोधावा. त्याचं नावच सॉव्हिन्यों ब्लाँवरून पडलं आणि त्या वाइनमधल्या हिरव्या द्राक्षासारख्या सुगंधामागे जी थायोल गटातली संयुगं आहेत, त्यातली काही या हॉपमध्येही सापडतात. एका ग्लासात इथली सॉव्हिन्यों ब्लाँ, दुसऱ्यात त्या हॉपची पेल एल ठेवून हुंगली तर नाकाचं एका बैठकीत शिक्षण होतं.

‘कडू’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी लिहिला जातो, तो वेगळा करा. कडूपणा कारल्यासारखा जिभेच्या मागे राहतो. तुरटपणा जास्त उकळलेल्या चहासारखा हिरड्या आणि गाल कोरडे करतो. जीभ गालाच्या आतून फिरवून बघा, खरखर जाणवली तर तो तुरटपणा, आणि तो बहुधा धान्याच्या टरफलातून उतरलेला असतो. अल्कोहोलची ऊब घशाखाली उतरते. कॅनवरचा आयबीयू आकडा, म्हणजे कडूपणाचं माप, यात फारसा मदत करत नाही. ४० आयबीयूची कोरडी पेल एल ६० आयबीयूच्या गोड स्टाउटपेक्षा जास्त कडू लागू शकते.

दोषांमध्ये पुठ्ठा आणि उन्हाचा वास वर आलेच. लोण्याचा, पॉपकॉर्नसारखा वास डायअॅसिटिलचा. बिअर पुरेशी मुरू न दिल्याने तो राहतो किंवा बिअरच्या नळाला जोडलेल्या अस्वच्छ नळ्यांतल्या जिवाणूंमुळे येतो. उकडलेल्या मक्याचा, कोबीचा वास डायमिथाइल सल्फाइडचा, उकळी कमी पडल्यावर. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे आंबवणं अर्धवट राहिल्याची खूण. औषधी पट्टीसारखा वास आला तर बहुधा क्लोरीनयुक्त पाणी किंवा परकं यीस्ट. व्हिनेगरची आंबट धार मुद्दाम आंबट केलेल्या बिअरखेरीज कुठेही दोषच. सरावासाठी ३३० मिली साध्या लागरमध्ये अर्धा चमचा व्हिनेगर घालून पाहा. लोण्यासाठी खाण्याचा बटर इसेन्स एक थेंब १०० मिली पाण्यात आणि त्यातला एक चमचा बिअरमध्ये. शेजारी न मिसळलेली बिअर ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आतापर्यंतचं नोंदीच्या रूपात मांडायचं तर क्रम असा: तारीख, कुठे घेतली, बॅच, उत्पादनाची तारीख, कॅन की नळ, कशी साठवली, ग्लास, तापमान, मग वास, रूप, चव, तोंडातला पोत, शेवट, मग दोष, आणि सगळ्यात शेवटी गुण. गुण आधी लिहिले की बाकीचं वर्णन त्या आकड्याचं समर्थन करायला लागतं.

गुणांसाठी बीजेसीपी या परीक्षक संघटनेची ५० गुणांची पद्धत वापरा. वास १२, रूप ३, चव २०, पोत ५, एकंदर परिणाम १०. रूपाला फक्त ३ आहेत हे ध्यानात ठेवा, कारण छान फेस आणि सोनेरी रंग पाहून आपण नकळत चवीचेही गुण वाढवतो. ही पद्धत बिअर तिच्या प्रकाराला किती धरून आहे ते मोजते. म्हणून शेजारी स्वतःचा एक आकडा वेगळा ठेवा: ही मला पुन्हा घ्यावीशी वाटते का, दहापैकी किती. दोन्ही आकडे वेगळे पडले तरी काही बिघडत नाही. उत्तम बनवलेली गोसे (आंबट, जराशी खारट बिअर) कदाचित तुम्हाला आवडणार नाही, आणि दोष असलेली एखादी बिअर गार वाऱ्यात मनापासून आवडेल. नोंदीतून दोन्ही खरं कळलं पाहिजे.

फिरतीवर यातलं बरंच हातात नसतं, म्हणून तिथे शिस्त वेगळी. टॅपरूममध्ये ६० ते ९० मिलीचे चार-सहा नमुने एका फळीवर देतात. हलक्याकडून जडाकडे जा: लागर, गहू, पेल एल, आयपीए, स्टाउट, शेवटी आंबट आणि जास्त अल्कोहोलच्या. सगळे एकदम ओतून घेऊ नका, दोन-दोन मागवा. सहावा ग्लास हातात येईपर्यंत त्याचा वायू गेलेला असतो. बहुतेक ठिकाणी बिअर फार थंड देतात. ग्लास दोन्ही तळहातांत धरून गरम करा. दुपारी उघडल्या उघडल्या गेलात तर नळीत रात्रभर थांबलेली बिअर पहिल्या ग्लासात येते. सर्वांत जास्त खपणारी कोणती, हा केग (बिअरचं पिंप) कधी लावला आणि नळ्या किती दिवसांनी धुतात, एवढं विचारा. दर दोन आठवड्यांनी धुणं ही चांगली पद्धत मानतात. प्रामाणिक ठिकाणी उत्तर लगेच मिळतं.

नमुन्यांचा एक सापळा फार कमी जण सांगतात. ६० मिलीत गोड, भडक, फळांनी भरलेली बिअर नेहमी जिंकते आणि शांत, कोरडी पिल्सनर मार खाते. पूर्ण ग्लास घेतला की बरोबर उलटं होतं: भडक बिअर अर्ध्यावर जड होते, पिल्सनर संपेपर्यंत गोडी टिकवते. म्हणून फळीवरचा पहिला आणि शेवटचा क्रमांक ठरवण्याआधी त्या दोन्हींचा अर्धा पाइंट घ्या. ते शक्य नसेल तर नोंदीत ‘६० मिलीवरून’ असं लिहा. तेवढं लिहिलं की वाचणारा स्वतः समजून घेतो. आणि मोबाइलवर बोलून नोंद करा, गोंगाटात टाइप करत बसलात तर बिअर कोमट होते. फळ्यावरच्या यादीचा फोटोही घ्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी कोणता ग्लास कशाचा ते गुलदस्त्यात.

अल्कोहोलचं गणित डोक्यात ठेवा. ९० मिलीचे चार नमुने ५ टक्क्यांचे असतील तर ३६० मिली, म्हणजे साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल. ३३० मिलीच्या एका बाटलीहून जास्त. त्यात ८ टक्क्यांची एखादी आली की आकडा झपाट्याने चढतो. कायद्याने चालकाच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही. संगमनेरमार्गे परत येणार असाल किंवा कसारा घाट चढणार असाल तर चालवणाऱ्याने चाखायचंच नाही. यात मध्यम मार्ग नाही.

सोबत बिअर आणताना आइस पॅक घातलेला थर्माकोलचा डबा, कॅन उभे, आणि डबा डिकीत न ठेवता एसी चालू असलेल्या आतल्या भागात. परराज्यातून महाराष्ट्रात दारू आणणं उत्पादन शुल्क खात्याच्या परवानगीचा विषय आहे, त्यामुळे गोव्याहून डबा भरून आणू नका, तिथली नोंद तिथेच पूर्ण करा. सापुताऱ्याला जाताना तर गाडीत एकही कॅन नको. सीमा ओलांडली की गुजरातची दारूबंदी लागू होते.

शेवटचं, जाहीर परीक्षणाबद्दल. तुम्ही विचारलं होतं की घरच्या त्या सपक कॅनला ५ पैकी २ देऊ का. देऊ नका, कारण तो आकडा तुमच्या कपाटाचा होईल आणि ब्रुअरीच्या नावावर छापला जाईल. कमी गुण जाहीर करण्याआधी तीच बिअर दुसऱ्या बॅचची, दुसऱ्या दुकानातून, थंड साठवलेली घ्या. दोन्हीत एकच दोष आला तर मोकळेपणाने लिहा, बॅच क्रमांकासह. एकाच बॅचमध्ये आला तर तारीख आणि फोटो जोडून आधी ब्रुअरीला कळवा. तुमच्याकडचे तीन कॅन उरले असतील, तर त्यातला एक आज फ्रीजमध्ये ठेवा, त्याच बॅचचा थंड साठवलेला एक मिळतोय का पाहा, आणि तीन ग्लासांचा प्रयोग त्याच मित्रांबरोबर करा.